मदत हवी आहे: एमएस, दमट उकाडा आणि दुपारचा थकवा

नमस्कार,

माझ्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू व मज्जारज्जूतील मज्जातंतूंच्या आवरणाला इजा करणारा आजार आहे. आम्ही फोंडा तालुक्यात राहतो आणि ती सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. आजाराचा प्रकार झटका येऊन बऱ्याच अंशी ओसरणारा, रिलॅप्सिंग-रेमिटिंग आहे. सुरुवात उजव्या डोळ्याच्या नसेला सूज येऊन झाली. एमआरआय झाला आहे, एनएमओ या मिळत्याजुळत्या आजाराची अ‍ॅक्वापोरिन-४ प्रतिपिंडांची चाचणी निगेटिव्ह आली आहे, औषध नियमित चालू आहे आणि डॉक्टरांवर आमचा विश्वास आहे. त्यामुळे निदान बरोबर आहे का, किंवा अमुक गावच्या वैद्यांचा काढा घेऊन पाहावा का, ही चर्चा कृपया येथे नको. तसले सल्ले घरी पुरेसे मिळतात.

प्रश्न उकाड्याचा आणि थकव्याचा आहे. सकाळी ती ठीक असते, परंतु दुपारच्या तासांना वर्गातली हवा कोंदली की उजव्या डोळ्यापुढे धुरकट पडदा येतो आणि पाय जड होतात. चवथीच्या दिवसांत स्वयंपाकघरात दोन शेगड्या पेटलेल्या असताना हेच झाले. दारातले लाल जास्वंदीचे फूल तिला डाव्या डोळ्याने लाल दिसत होते आणि उजव्याने विटकरी, धुऊन काढल्यासारखे. पंख्याखाली ओला पंचा मानेवर ठेवून ती काही वेळ बसली, मग नजर पूर्वीसारखी झाली.

या प्रकाराला ऊटहॉफ यांचे नाव आहे. या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्ये, श्रम केल्यावर रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते, हे नोंदवले. त्यामागे शरीराचे वाढलेले तापमान असते, हे पुढे स्पष्ट झाले. मज्जातंतूवरचे मायलिनचे आवरण जेथे झिजलेले असते, तेथून संदेश आधीच कसाबसा पुढे जात असतो आणि तापमान थोडे जरी वाढले तरी तो अडतो. शरीर थंड झाले की वाट पुन्हा मोकळी होते, म्हणजे नवी इजा झालेली नसते. याउलट खरा झटका म्हणजे नवे किंवा वाढलेले लक्षण ताप वा जंतुसंसर्ग नसताना किमान २४ तास टिकणे, असे डॉक्टरांनी समजावले आहे आणि लघवीचा संसर्ग झाला तरी जुनी लक्षणे डोके वर काढतात, हेही बजावले आहे. कागदावर हा फरक स्वच्छ आहे. पण एप्रिल-मे महिन्यांत रात्रीसुद्धा अंगाचा घाम वाळत नाही, तेव्हा लक्षण दुसऱ्या दिवशीही राहिले तर ते उकाड्यामुळे की नव्या झटक्यामुळे, हे घरी कसे ओळखावे? तुमच्यापैकी कोणी तापमान, वेळ आणि लक्षणे यांची वही ठेवता का, आणि ती दाखवल्याने तपासणीत काही उपयोग झाला का?

दुसरे, कूलिंग व्हेस्ट, म्हणजे अंग थंड ठेवणाऱ्या जॅकेटबद्दल. पाण्यात भिजवून घालायचे जॅकेट बाष्पीभवनावर चालते, म्हणून कोरड्या हवेच्या प्रदेशात ते उपयोगी पडत असेल. आमच्याकडे दोरीवरचे कपडेही वाळत नाहीत, तेथे त्याचा किती गुण यावा? बर्फाच्या किंवा जेलच्या पिशव्यांचे जॅकेट मिळते, पण ते जड असते. कोकण-गोवा किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणी असे काही प्रत्यक्ष वापरले असल्यास वजन, ते किती वेळ थंड राहते आणि दिवसभर शाळेत वावरताना ते जमते का, हे सविस्तर लिहावे. शाळेत फ्रिज नाही.

थकव्यावरच्या गोळ्यांबद्दल मात्र मी बराचसा निराश आहे. अमेरिकेत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १४१ रुग्णांना अमँटाडीन, मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट आणि औषधविरहित गोळी अशा चारही गोष्टी आळीपाळीने दिल्या. थकवा कमी करण्यात तिन्ही औषधे त्या औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत, दुष्परिणाम मात्र अधिक दिसले. ही सरासरी आहे, एखाद्याला फायदा झालाही असेल, हे मान्य; म्हणूनच गोळ्यांशिवाय कोणाला व्यायाम, दुपारची ठरलेली विश्रांती किंवा कामांची फेरमांडणी यांनी फरक पडला का, हे जाणून घ्यायचे आहे. एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका सुमारे ३२ पट वाढतो, असे दाखवणारे २०२२ चे संशोधनही मी वाचले. ते महत्त्वाचे आहे यात शंका नाही, पण आजार जडून चुकलेल्या माणसाच्या दुपारचे त्यात काही नाही.

शेवटचा प्रश्न कार्यालयीन आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एमएसचा समावेश आहे आणि सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी वाजवी सोय करावी, असेही त्यात म्हटले आहे. तळमजल्यावरचा वर्ग आणि अवघड विषयांचे तास सकाळी, एवढेच आम्ही मागतो आहोत. वरिष्ठांचे तोंडी उत्तर आले की बाई चालताना तर धडधाकट दिसतात. एमएसमधील अपंगत्व मोजण्यासाठी डॉक्टर जी ईडीएसएस श्रेणी वापरतात, तिच्या वरच्या टप्प्यांत मुख्य भर चालण्यावरच असतो आणि थकवा त्यात जवळजवळ हरवून जातो. तेव्हा ज्यांनी गोव्यात किंवा महाराष्ट्रात एमएससाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्र काढले आहे, त्यांनी थकवा आणि दृष्टिदोष यांची नोंद कोणत्या तपासण्यांच्या आधारे करून घेतली? व्हीईपी, म्हणजे डोळ्याच्या नसेची तपासणी, ग्राह्य धरली गेली का? अर्ज जूनपूर्वी द्यायचा विचार आहे, म्हणून अनुभव असलेल्यांनी थोडक्यात का होईना, पण लवकर लिहावे, ही विनंती.