ट्रूनॅटवर टीबी निघाला, पण रिफॅम्पिसिन 'इन्डिटरमिनेट'. पुढं काय?

सत्तरी_लॅब विचारतात:
आमच्या केंद्रावर ट्रूनॅट (डीएनएवरून टीबी शोधणारं पीसीआर यंत्र) आहे, कल्चरची (जंतू वाढवून पाहण्याची) सोय नाही. एका रुग्णाचा रिपोर्ट असा: एमटीबी (टीबीचा जंतू) डिटेक्टेड, व्हेरी लो. त्याच इल्यूटवर (सॅम्पलमधून काढलेल्या डीएनएच्या द्रावावर) आरआयएफ चिप (टीबीवरच्या रिफॅम्पिसिन औषधाला जंतू दाद देतात का ते पाहणारी) लावली, तर इन्डिटरमिनेट, म्हणजे निकाल ठरला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी निगेटिव्ह. दुसरं सॅम्पल कल्चरला पाठवलं, तर 'कंटॅमिनेटेड' (इतर जंतू वाढले) म्हणून परत. चूक चिपची, सॅम्पलची की पाठवणाऱ्यांची? घरचे रोज विचारायला येतात.

फोंडा_मायक्रो:
हे निकाल एकमेकांच्या विरोधात नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० जंतू लागतात. पीसीआर त्याहून कितीतरी कमी पकडतो. म्हणजे जंतू आहेत, पण थोडे. रिफॅम्पिसिनची चिप आरपीओबी जनुकातले बदल शोधते, तिला डीएनए जास्त लागतो. तेवढा मिळाला नाही की ती इन्डिटरमिनेट म्हणते. त्याचा अर्थ 'रेझिस्टंट' (औषधाला दाद न देणारा) लावू नका, 'सेन्सिटिव्ह' (दाद देणारा) असाही लावू नका.

त्याच इल्यूटवर पुन्हा चिप लावून फारसं हाती लागणार नाही. नवं सॅम्पल घ्या: पहाटेचं, चूळ भरून, दोन-तीन खोल श्वासांनंतर खोकून काढलेलं, २ ते ५ मिलि. फाल्कन (सॅम्पलची नळी) उजेडासमोर धरा. पाण्यासारखं पातळ आणि वर फेस असेल तर ती लाळ आहे, रुग्णाला परत बसवा. बेडका पिवळसर, दाट दिसतो.

दाट सॅम्पलचा घोळ मात्र पुढं होतो. लिक्विफॅक्शन बफरचे (थुंकी पातळ करणाऱ्या द्रावाचे) २ थेंब टाकून १० मिनिटं ठेवायचं, तरी ओतता आलं नाही तर आणखी २ थेंब आणि ५ मिनिटं. घाईत हे टाळलं की ड्रॉपरच्या टोकाला तार लोंबते. मग डोळ्यांना ०.५ मिलि वाटतं, पण लायसिस बफरमध्ये (जंतू फोडणाऱ्या द्रावात) त्याच्या निम्मंच पडतं. जंतू आधीच कमी, त्यात हे. शेवटी चिपच्या खळग्यात ६ मायक्रोलिटर सोडताना बुडबुडा राहू देऊ नका. चिपचं पाकीट अगदी लावायच्या वेळी फोडा. यंत्र आपल्या वेर्ण्याच्या मोलबायोचं असलं तरी गोव्याच्या पावसाळी हवेत उघडी पडलेली चिप चालत नाही.

आणि एक विचारून घ्या: पूर्वी टीबीची औषधं घेतली होती का? पीसीआर मेलेल्या जंतूंचाही डीएनए पकडतो. घेतली असतील तर 'व्हेरी लो'चा अर्थ बदलू शकतो.

मांडवी_कल्चर:
कंटॅमिनेशनबद्दल मी सांगते. दोष बहुतेक वेळा प्रवासातला असतो. सॅम्पल २ ते ८ अंशांवर, जेल पॅक घालून, शक्य तितक्या लवकर पोचायला हवं. शुक्रवारी दुपारी घेतलेलं सॅम्पल सोमवारपर्यंत टेबलावर राहिलं की तोंडातले इतर जंतू माजतात. मग इकडं सोडियम हायड्रॉक्साइड कितीही वापरा, ते पुरतं मरत नाहीत. जोर वाढवला तर टीबीचेच मरतात. म्हणूनच ज्या लॅबचं कंटॅमिनेशन ३ टक्क्यांखाली असतं तिथं मला उलट शंका येते, सॅम्पल फार कडक धुतलं जात असणार.

झाकण तिरकं बसून गळलेली फाल्कनही आमच्याकडं नेहमी येते. झाकण बसवून पॅराफिल्म लावा, शोषक कागदात गुंडाळा, मग पिशवी, मग डबा. फॉर्म डब्यात फाल्कनसोबत ठेवू नका.

सत्तरी_लॅब:
कल्चरला ४२ दिवस लागू शकतात. थेट एलपीएला (औषधांचा प्रतिकार पट्ट्यांवरून दाखवणाऱ्या जनुकाच्या चाचणीला) पाठवलं तर?

फोंडा_मायक्रो:
थुंकी निगेटिव्ह असताना थेट एलपीएवर टीयूबी पट्टी (टीबीचा जंतू असल्याची खूण) पुसट येते आणि रिपोर्ट इनव्हॅलिड होतो. पैसे आणि आठवडा दोन्ही जातात. कल्चर वाढल्यावर त्याच वाढीवरून एलपीए करा; आयसोनियाझिड या औषधासाठी केएटीजी आणि आयएनएचए या जनुकांतले बदल तिथंच कळतात. केएटीजीत बदल म्हणजे बहुधा वरच्या पातळीचा प्रतिकार, आयएनएचएत बदल म्हणजे खालच्या पातळीचा, आणि त्यासोबत एथिओनामाइड हे औषधही हातचं जातं. वाइल्ड (मूळ जनुकाची) पट्टी नाही आणि म्युटंट (बदललेल्या जनुकाची) पट्टीही नाही, असं दिसलं तरी प्रतिकार धरतात. 'पट्टीच नाही, म्हणजे काही नाही' असं वाचू नका.

उपचार मात्र यासाठी अडवून ठेवायचे नाहीत. टीबी सिद्ध झाला आहे, सुरुवात डॉक्टर करतील. नव्या सॅम्पलवर ट्रूनॅट लावा. तिथंही इन्डिटरमिनेट आलं तर कल्चर आणि औषधांची चाचणी.

मांडवी_कल्चर:
जोडून एक. पुढं एमजीआयटीवर (द्रव माध्यमातल्या कल्चरवर) 'सेन्सिटिव्ह' आणि जनुकाच्या चाचणीवर 'रेझिस्टंट' असं आलं, तर मशीनला दोष देऊ नका. आरपीओबीत काही ठरावीक बदल असलेले जंतू एमजीआयटीत हळू वाढतात आणि निसटतात. त्यामुळंच जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये रिफॅम्पिसिनची चाचणीतली मर्यादा १ वरून ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि केली. अशा वेळी जनुकाचं ऐकायचं. पण नव्या रुग्णात, कमी जंतूंवर अचानक 'रेझिस्टंट' आलं तर आधी दुसऱ्या ताज्या सॅम्पलवर तपासून घ्या.