एकच अक्षर पुन्हापुन्हा येणारी वाक्यं सांगा ना

रानपाखरू: जपानी शिकतेय, एक वाक्य डोक्यातून जातच नाहीये! "सुमोमो मो मोमो मो मोमो नो उचि", म्हणजे प्लम काय नि पीच काय, दोन्ही पीचच्याच जातीतले. सलग आठ वेळा मो! अजून कुठल्या भाषांत असं आहे?

भटकभवानी: थाईमध्ये बघ, "माइ माइ माइ माइ माइ?" नवं लाकूड जळत नाही ना? सूर बदलला की अर्थ बदलतो, पण गंमत अशी की 'नाही' आणि 'जळणं' दोन्हींचा सूर उतरताच, त्यामुळे ते संदर्भानेच कळायचं.

जुनापाणी: अहो, आपल्या संस्कृत कवी भारवीला विसरू नका. त्याच्या किरातार्जुनीय महाकाव्याच्या 15व्या सर्गात "न नोननुन्नो नुन्नोनो नाना नानानना ननु", आणि पुढची ओळही तशीच, शेवटचा त् सोडला तर अख्ख्या श्लोकात न शिवाय व्यंजन नाही. मोठ्याने म्हणून बघा, अंगावर काटा येतो!

पावभाजीप्रेमी: मराठीत माझं आवडतं, "देवा पाव, पाव किलो पाव पाठव". खायचा पाव पोर्तुगीजांकडून आलेला, बाकीचे दोन संस्कृतातून, तेही वेगवेगळ्या शब्दांपासून.

रानपाखरू: वा, थाईवालं आजच क्लासमध्ये सांगते!