पर्सनल शेफ : पुण्यात नेमकं गिऱ्हाईक कोण?

तवा_परात : बाणेर-बालेवाडीत लोकांच्या घरी जाऊन स्वयंपाक करून द्यायचा विचार आहे. एका भेटीत चौघांचं तीन दिवसांचं जेवण. गिऱ्हाईक म्हणून 'नोकरी करणारी जोडपी' एवढंच सुचतंय. जाहिरात कुठे करू?

मीठ_चवीपुरतं : आधी हिशोब मांडा. भाजी आणणं, शिजवणं, ओटा आवरणं धरून एका घरी चार तास. दिवसाला दोन घरं, सहा दिवस, म्हणजे बारा भेटी. प्रत्येक घराला आठवड्यातून दोनदा गेलात तर सहा घरांत आठवडा भरला! एकमेकींना लागून असलेल्या दोन-तीन मोठ्या सोसायट्या धरा, बाकी बाणेर विसरा.

जोडपी तुमचा दर मावशींशी ताडून बघणार. आणि मावशी रोज गरम पोळ्या देतात, तिथे तुम्ही हरणारच. पोळ्या त्यांच्याकडेच राहू द्या. तुम्ही उसळी, वाटणाच्या आमट्या, मांसाहार असं वेळखाऊ काम घ्या.

अळीव_डिंक : पहिली चाळणी पगाराची नाही, फ्रिजची. काटेकोर जैन घरात कांदा-लसूण आणि कंदमुळं टाळणं सोपं आहे, पण रात्र उलटलेलं अन्नच चालत नाही, तुमची पद्धत तिथेच बाद. बाळंतिणीच्या घरीही आजी ताजं-गरमच मागतात. तिथे डिंकाचे, अळिवाचे लाडू तेवढे खपतील, आणि सव्वा महिन्यात गिऱ्हाईक संपतं. मधुमेहाचं पथ्य असलेली घरं जास्त टिकतात, कारण पथ्य संपत नाही.

खमंग_काकडी : कोथरूड, प्रभात रोडला आणखी एक वर्ग आहे : मुलं परदेशात, आई-वडील इथे. पैसे देणारा एक, जेवणारा दुसरा. मुलगी हो म्हणते, आई म्हणते "कशाला उगाच?" आणि दुसऱ्या महिन्यात काम बंद. आधी आईशी बोला, तिखट-मीठ तिच्या हातचं विचारून घ्या. डबे भरल्यावर फोटो मात्र मुलीला पाठवा.

तवा_परात : सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, तीस जण 'छान कल्पना' म्हणाले.

मीठ_चवीपुरतं : त्यातला एकही धरू नका. एका भेटीचे पूर्ण पैसे आगाऊ देईल तो धरा. फुकट चव दाखवू नका, तिला कोणीच नाही म्हणत नाही. आणि विचारायचंच तर एवढंच विचारा : काल रात्री काय जेवलात, आणि ते कधी केलेलं होतं?