आरेला लागून घर आहे, ओट्यामागे मोठा कोळी सापडला, नवीन जात असू शकते का?

गोरेगावपूर्व:
काल रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठलो, किचनचा लाईट लावला तर ओट्यामागच्या टाईल्सवर तळहाताएवढा कोळी, एकदम चपटा, पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले आणि पोटाखाली पांढरी गोल चकती धरलेली. आई म्हणाली मार त्याला, अंगावर मुतला तर फोड येतील, पण मला मारवेना. वीसेक फोटो काढले. नेटवर हंट्समन (जाळं न विणता शिकार करणारे मोठे चपटे कोळी) ह्यांचे फोटो बघितले तर त्यांच्या पाठीवर गडद खूण दिसते, ह्याच्या पाठीवर नाही, सगळा तपकिरीच. मग ही नवीन जात असेल का? असेल तर नाव कोण देतं? मुलगी सहावीत आहे, ती सकाळपासून नावं सुचवतेय.

पालापाचोळा:
चकती म्हणजे अंड्यांची पिशवी, त्यामुळे ही मादी आहे. गडद खुणेचे जे फोटो तुम्ही बघितले ते बहुतेक नराचे असणार, मादी साधी तपकिरीच असते. डोळ्यांच्या खाली फिकट क्रीम पट्टी दिसते का झूम करून बघा. दिसली तर हेटेरोपोडा वेनेटोरिया हा हंट्समनच असण्याची शक्यता जास्त, लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये नाव दिलेली जात, जहाजांतून मालाबरोबर जगभर पसरली. जाळं विणत नाही, रात्री झुरळं पकडते. आणि फोडांचं म्हणाल तर कोळ्याच्या मुतण्याने ते येत नाहीत, तो बऱ्याचदा नागीण हा त्वचेचा आजार असतो नाहीतर पावसाळ्यात एक केशरी-काळा बारीक किडा अंगावर चिरडला जातो त्याने चट्टे उठतात.

आठपायी:
मी कोळ्यांवरच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न खरंच चांगला आहे. रंगावरून नवी जात ठरत नाही, एकाच जातीत रंग बदलतो, कात टाकल्यावरही बदलतो. त्यासाठी पूर्ण वाढलेला कोळी लागतो, मादीच्या पोटाच्या खालच्या बाजूचा जननभाग आणि नराच्या तोंडाजवळच्या पाल्पचं (छोट्या पायासारख्या अवयवाचं) टोक मायक्रोस्कोपखाली बघून त्याची चित्रं काढायची, आठ डोळ्यांमधली अंतरं, पायाच्या प्रत्येक भागाची लांबी, काटे, सगळं मिलिमीटरमध्ये मोजायचं. मग खरं कष्टाचं काम, जवळच्या प्रत्येक जुन्या जातीशी ताडून बघणं. आपल्याकडच्या कितीतरी जाती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी परदेशी लोकांनी दोन-चार ओळींत लिहून ठेवल्यात, काहींचा फक्त नर माहीत, काहींची फक्त मादी, आणि मूळ नमुने लंडन-पॅरिसच्या म्युझियममध्ये. म्हणून एकेका जातीला वर्षं लागतात. शेवटी एक नमुना होलोटाईप ठरतो, नाव त्याच्याशी कायमचं बांधलं जातं आणि तो म्युझियममध्ये जपून ठेवतात.

नाव त्या जातीवरचा शोधनिबंध लिहिणारा देतो. पीटर येगर ह्या जर्मन संशोधकाने २००८ मध्ये मलेशियातल्या एका हंट्समनला डेव्हिड बोवी ह्या ब्रिटिश गायकाचं नाव दिलं, २००१ मध्ये लाओसमधल्या हेटेरोपोडा मॅक्सिमाचं वर्णनही त्यानेच केलं, तिच्या पायांचा पसारा ३० सेंटीमीटरपर्यंत जातो. आणि मुलीला हे नक्की सांगा, ठाण्यात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याचं नाव २०२१ मध्ये आयसियस तुकारामी ठेवलं, २६/११ ला कसाबला पकडताना गेलेल्या तुकाराम ओंबळेंच्या नावावरून. मला ते नाव लिहिताना अजूनही भरून येतं.

गोरेगावपूर्व:
क्रीम पट्टी आहे हो, अगदी स्पष्ट. मुलगी थोडी हिरमुसली पण ओंबळेंचं ऐकून आता आजीला सांगत बसलीये. कोळ्याचं काय करू? आई स्प्रे मारायच्या तयारीत आहे.

आठपायी:
स्प्रे नको प्लीज, चकतीत शे-दोनशे पिल्लं असतील आणि ती आई बरेच दिवस चकती सोडत नाही. मोठा डबा वरून ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा, पाय दाबू नका. चावली तर दुखतं, पण ते धोक्याचं नाही. आणि मुलीला रात्री टॉर्च स्वतःच्या डोळ्यांच्या लेव्हलला धरून झाडांच्या खोडांकडे बघायला सांगा, ह्यांचे डोळे लांबून चमकतात. नॅशनल पार्कमधून मात्र परवानगीशिवाय काही उचलायचं नाही, फोटो, तारीख आणि जागा एवढं वहीत लिहून ठेवलं तरी पुढे कोणाच्या तरी कामाला येतं.

गोरेगावपूर्व:
डब्यात घेतली आणि मागच्या आंब्याच्या खोडावर सोडली, चकतीसकट. मुलीने वहीत पहिली नोंद केली.