लो-प्रोफाइल प्रथमोपचार पाउच : बसका, चपटा की अंगासरसा?

प्रश्न

सुरक्षा आणि बचाव पथकांसाठीच्या एका प्रशिक्षण-पुस्तिकेचं मराठी करते आहे. त्यातलं एक प्रकरण जाकिटावर किंवा कमरपट्ट्यावर लावायच्या प्रथमोपचाराच्या पाउचबद्दल आहे. इंग्रजीत त्याला ‘लो-प्रोफाइल’ असं विशेषण लावतात. माझ्या हाती आलेल्या कच्च्या मसुद्यात ‘कमी प्रोफाइलची प्रथमोपचार पिशवी गिअरवर आरोहित करा’ असं वाक्य आहे. तीनदा वाचलं तरी डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. हे वाचून एखाद्याने पाउच चुकीच्या जागी लावला, तर ऐन वेळी हात तिथे पोचणार नाही. म्हणून शब्द नीट हवा आहे. ‘लो-प्रोफाइल’, ‘पाउच’ आणि ‘माउंट करणे’ या तिन्हींसाठी तुम्ही काय वापराल?

प्रतिसाद

‘प्रोफाइल’चं मूळ इटालियन ‘प्रोफिलो’. त्यातला ‘फिलो’ म्हणजे धागा. एखादी गोष्ट बाजूने पाहिली की तिच्या कडेची जी रेघ दिसते ती प्रोफाइल. ती रेघ अंगापासून फार बाहेर आली नाही, की पाउच लो-प्रोफाइल. म्हणजे इथे प्रश्न आकाराचा नसून पुढे आलेल्या जाडीचा आहे. पाउच तळहाताएवढा असला तरी फुगीर असेल तर तो लो-प्रोफाइल नाही, आणि चांगला वीतभर लांब असूनही असू शकतो. ‘कमी’, ‘लहान’, ‘छोटा’ हे सगळे शब्द इथे दिशाभूल करतात.

मराठीत यासाठी तीन शब्द सुचतात. ‘चपटा’ म्हणजे मुळातच सपाट. ‘बसका’ म्हणजे उंची दबलेला, जसं बसकं नाक. पण दोन्ही शब्द वस्तूपुरते आहेत, ती अंगाला कशी लागून बसते ते सांगत नाहीत. ‘भिंतीसरसा उभा राहिला’, ‘जमिनीसरसा झाला’ म्हणतो, त्यातला ‘सरसा’ मला सगळ्यांत नेमका वाटतो : अंगासरसा पाउच. वाचणाऱ्याला लगेच कळतं की हा गाडीच्या दारात अडकणार नाही, सरपटताना जमिनीला घासणार नाही, चालताना हात त्यावर आपटणार नाही.

निवडीबद्दल पुस्तिकेत एक गोष्ट जरूर लिहा. पाउच रिकामा असताना सगळेच अंगासरसे दिसतात. आत रक्तस्राव थांबवणारं गॉज, दाबपट्टी, छातीच्या जखमेवर चिकटवायचे चेस्ट सील, हातमोजे आणि मार्कर एवढं भरल्यावर तो किती पुढे येतो ते पाहायला हवं. गुंडाळीचं गॉज घेतलं तर पाउच फुगतो. तेच गॉज नागमोडी घडी घालून, हवा काढून बंद केलेलं मिळतं, ते पातळ राहतं. ‘गुंडाळी’ आणि ‘घडी’ हे दोन शब्द भाषांतरात एकमेकांच्या जागी वापरू नका, फरक इथेच आहे. आणि ठासून भरलेला पाउच अंगासरसा राहत नाहीच, शिवाय मोजे घातलेल्या, रक्ताने निसरड्या झालेल्या बोटांनी त्यातून काही निघतही नाही.

प्रतिसाद

‘लो-प्रोफाइल’ला दुसराही अर्थ आहे, आणि वर्तमानपत्री मराठीत तोच जास्त दिसतो : नजरेत न भरणारा. ‘लो-प्रोफाइल राहणे’ म्हणजे प्रसिद्धीपासून दूर राहणे. पाउच विकणारे दोन्ही अर्थ एकाच दमात वापरतात, त्यामुळे संदर्भ पाहून वेगळे करा. कपड्यांच्या रंगात मिसळणारा, खूण न दाखवणारा असं म्हणायचं असेल तिथे ‘अंगासरसा’ चालणार नाही, ‘नजरेत न येणारा’ म्हणा.

यावरून आठवलं. पाउचवर लाल क्रॉस काढण्याचा मोह होतो, तो टाळायला सांगा. पांढऱ्यावरचा लाल क्रॉस हे १८६४च्या जिनिव्हा करारापासूनचं संरक्षण-चिन्ह आहे आणि ते कुणी वापरावं यावर बंधनं आहेत. प्रथमोपचाराची सर्वसाधारण खूण हिरव्यावर पांढरा क्रॉस ही आहे.

प्रतिसाद

पाउचला ‘बटवा’ म्हणा असं सुचवणार होतो. ‘आजीबाईचा बटवा’ आपल्या बोलण्यात औषधाशी इतका जोडलेला आहे की अर्थ आपोआप पोचतो. मग वस्तू डोळ्यांपुढे आणली आणि थांबलो. बटव्याचं तोंड नाडीने आवळतं. तो उघडला तरी आत चाचपावं लागतं. प्रथमोपचाराच्या पाउचमध्ये नेमकं हेच नको असतं. तो पुस्तकासारखा उघडतो किंवा आतला भाग बाहेर सरकतो, आणि प्रत्येक वस्तू आपापल्या कप्प्यात, लवचीक पट्टीखाली, एका नजरेत दिसते.

या रचनेला जवळचा जुना शब्द ‘चंची’. अनेक कप्प्यांची, उलगडली की सपाट पसरणारी, घडी करून बांधायची. उघडण्याची पद्धत अगदी तीच. पण चंची आज किती जणांनी हातात धरली आहे? ‘कसा’ कमरेला बांधायचा खरा, पण तो पैशांचा, लांबट आणि अरुंद. ‘थैली’ सैल असते, ‘पेटी’ कडक असते. शेवटी माझं मत ‘पाउच’च ठेवावं असं झालं. मात्र पहिल्यांदा वर्णन करताना ‘चंचीसारखा उलगडणारा’ असे दोन शब्द घाला. ज्याला चंची माहीत आहे त्याला चित्र मिळेल, ज्याला नाही त्याला ‘उलगडणारा’ पुरेल.

प्रतिसाद

‘आरोहित’ काढून टाका. ‘टांगणे’, ‘लटकवणे’ही नको, कारण पाउच लटकला म्हणजेच चुकला. ‘बसवणे’ सर्वसाधारण क्रियापद म्हणून ठीक. पण प्रत्यक्ष कृतीसाठी आपल्याकडे अचूक शब्द आहे : ओवणे.

मॉली, म्हणजे पट्ट्यांत ओवून सामान बसवायच्या पद्धतीच्या जाकिटावर साधारण २५ मिलिमीटर रुंदीच्या आडव्या पट्ट्या असतात, तेवढंच अंतर सोडून. दर ३८ मिलिमीटरला टाका घातल्याने त्यांची आडवी घरं तयार होतात. पाउचच्या पाठीवरही तशाच पट्ट्या असतात. पाउचचा उभा बंद आधी जाकिटाच्या पट्टीखालून, मग पाउचच्या पट्टीखालून, पुन्हा जाकिटाच्या, असा आलटून पालटून खाली न्यायचा आणि शेवटी बटण लावायचं. नवशिके हा बंद नुसत्या जाकिटाच्याच सगळ्या पट्ट्यांतून सरळ ओढतात आणि खाली बटण लावून मोकळे होतात. मग पाउच वरच्या टोकाला धरून लोंबतो, धावताना उड्या मारतो, आणि कितीही चपटा असला तरी अंगासरसा राहत नाही. विशेषण टिकतं ते या ओवण्यावर. म्हणून भाषांतरातही दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात यावेत असं मला वाटतं.

ओढून काढायच्या पाउचमध्ये दोन भाग असतात. पाया जाकिटावर ओवलेला राहतो आणि पाउच वेल्क्रोने त्यावर बसतो. मूठ धरून खेचली की पाउच सुटून हातात येतो. यासाठी ‘वेगळा करणे’ फार मिळमिळीत आहे. ‘उपसणे’ म्हणा, तलवार उपसतात तसं. एका झटक्यात, जोर लावून, बाहेर. जखम ठासून भरायची तिथेही ‘गॉज ठेवा’ नको, ‘ठासा’ हवं. ठेवलेल्या गॉजने रक्त थांबत नाही. रक्त थांबवणारं गॉज जखमेत खोलवर ठासून किमान ३ मिनिटं दाबून धरायचं असतं.

जागेबद्दल : उजव्या आणि डाव्या, दोन्ही हातांनी पोचता येईल अशी. एक हात जखमी असेल तर उरलेल्याने पाउच उपसता आला पाहिजे. आणि पथकात सगळ्यांचा पाउच एकाच जागी, कारण जखमीवर उपचार करताना त्याचाच पाउच वापरायचा असतो.

प्रतिसाद

हातापायाचा रक्तस्राव थांबवायला आवळायच्या पट्टीला, म्हणजे टूर्निकेटला, मराठी शब्द द्यायचा का? मूळ फ्रेंच ‘तूर्ने’ म्हणजे फिरवणे. दांडी फिरवून पट्टी पिळत आवळायची, त्यामुळे ‘पीळपट्टी’ असा शब्द अर्थाला धरून होईल.

प्रतिसाद

शब्द सुरेख आहे, पण मी तो वापरणार नाही. रक्त वाहत असताना कुणीतरी ओरडून ‘टूर्निकेट!’ म्हणतं. त्या क्षणी पथकातल्या प्रत्येकाच्या कानाला एकच शब्द ओळखीचा हवा. वाचून समजून घ्यायचे शब्द जरूर मराठीत आणा, ओरडायचे शब्द आहेत तसे राहू द्या. ‘पीळ’ मात्र कृतीत वापरा : ‘रक्त थांबेपर्यंत दांडीला पीळ द्या, मग दांडी खाचेत अडकवा आणि वेळ लिहा.’ टूर्निकेट पाउचच्या आत दडवू नका, हेही त्याच पानावर यावं. जाड असल्याने ते पाउच फुगवतंच, शिवाय सगळ्यांत आधी लागतं. बाहेर लवचीक पट्टीत, वेष्टन काढून, लगेच वापरता येईल असं ठेवायचं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य आता असं आहे : ‘भरल्यावरही अंगासरसा राहील असा, चंचीसारखा उलगडणारा प्रथमोपचार पाउच निवडा. तो दोन्ही हातांनी उपसता येईल अशा जागी जाकिटावर ओवून बसवा.’

मजकूर एका सहकाऱ्याच्या हातात दिला, सोबत जाकीट आणि सुटा पाउच. तोंडाने काहीच सांगितलं नाही. तो एकाच ठिकाणी अडला. ‘आलटून पालटून’ म्हणजे डावी-उजवी पट्टी असं त्याला वाटलं. ते काढून ‘एक पट्टी जाकिटाची, पुढची पाउचची, पुन्हा जाकिटाची’ असं लिहिलं. दुसऱ्या खेपेला त्याने न विचारता ओवला. पाउच धरून हलवून पाहिला, हलला नाही.