गुलमर्गसाठी एकच ऑल-माउंटन (सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालणारी) स्की घ्यायची असेल, तर ती पारखायची कशी?

रंकाळाकाठ

नमस्कार. गुलमर्गच्या सरकारी संस्थेत प्राथमिक अभ्यासक्रम करून मी स्कीइंगला सुरुवात केली, त्याला आता नऊ हंगाम झाले. दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत दहा-बारा दिवस तिकडे जाते आणि आजवर भाड्याच्या स्कीवरच निभावले आहे. गोंडोल्याच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावरून, म्हणजे अफरवट डोंगराच्या सुमारे ३,९५० मीटर उंचीवरून, मार्गदर्शकाबरोबर अनेकदा खाली आले आहे. तेव्हा स्वतःला प्रगत म्हणवून घ्यायला हरकत नसावी. वय ४१, उंची १६६ सेंटिमीटर, वजन ६३ किलो.

भाऊ ऑस्ट्रियात इन्सब्रुकला नोकरीला आहे. येत्या हंगामात त्याच्याकडे जाऊन तीन दिवस वेगवेगळ्या स्की चालवून पाहायच्या आणि त्यातली एक जोडी घेऊन यायची, असे ठरले आहे. अडचण अशी की माहितीपत्रके वाचून डोके भणभणले. प्रत्येक स्की सगळ्या बर्फावर उत्तम असल्याचे लिहिलेले असते. कंबर, म्हणजे स्कीच्या मधल्या अरुंद भागाची रुंदी, ८८ मिलिमीटरची घ्यावी की ९८ ची, धातूचा थर असलेली घ्यावी की नसलेली, लांबी १६५ सेंटिमीटर की १७२, आणि मुख्य म्हणजे तीन दिवसांत खरे-खोटे कळावे कसे? दुकानदार ‘लेडीज मॉडेल घ्या, हलके असते’ म्हणून मोकळे होतात. ते कितपत मानावे?

शिरोलीकर

ताई, माझा धंदा मशीन शॉपचा, त्यामुळे माझे उत्तर जरा पत्रा-लोखंडाच्या बाजूने येईल. स्की पारखण्याआधी तिच्या पोलादी कडांची धार पारखा, कारण ज्याला आपण स्कीचा दोष समजतो तो पुष्कळदा धारेचा आणि तळाचा असतो. मी एकदा भाड्याने घेतलेली एक नावाजलेली स्की ‘आडमुठी आहे, वळतच नाही’ म्हणून दुपारीच परत केली होती. संध्याकाळी दुसऱ्या दुकानातल्या कारागिराने तिच्या तळावर सरळ पट्टी आडवी धरून उजेडाकडे पाहायला सांगितले. दोन्ही कडांपाशी पट्टी टेकलेली आणि मधून उजेडाची रेघ दिसत होती, म्हणजे तळ मध्ये झिजून कडा उंच राहिल्या होत्या. अशी स्की वळणात घुसली की सुटत नाही. त्यात बनवणाऱ्याचा काय दोष? तेव्हा खिशात सहा इंची स्टीलची पट्टी ठेवा. बाइंडिंगच्या (बूट स्कीला अडकवणाऱ्या खटक्याच्या) पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन ठिकाणी पाहा, आणि नखाची पाठ कडेवरून आडवी ओढून पाहा. नखाचा बारीक भुसा सगळीकडे सारखा निघाला तर धार ठीक आहे. एखाद्या ठिकाणी नख अडकले तर तिथे बर, म्हणजे धातूचा खरखरीत काटा, आहे.

आता त्रिज्येविषयी. स्कीवर छापलेली वळणाची त्रिज्या म्हणजे तुम्ही तेवढेच वळण घ्याल असे नव्हे. कडक बर्फावर स्की जितकी कलवाल तितके वळण आवळते: ढोबळ हिशेब असा की छापील त्रिज्येला कलण्याच्या कोनाच्या कोसाइनने गुणावे. १६ मीटरची स्की ३० अंश कलवली तर साधारण १४ मीटरचे वळण मिळते, ६० अंश कलवली तर ८ मीटरचे. तुम्ही किती कलवता हे तुम्हालाच ठाऊक, म्हणून १५ आणि १७ मीटरमधल्या फरकावर रात्री जागवू नका.

धातूबद्दल एक गैरसमज दूर करतो. टायटॅनल या नावामुळे लोकांना ते टायटॅनियम वाटते. प्रत्यक्षात ते जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे मिसळलेले ॲल्युमिनियमचे कठीण मिश्रधातू आहे. त्याच्या पत्र्याने स्की पिळली जाण्याला विरोध करते, म्हणून वेगात आणि कडक उतारावर टोक भरकटत नाही. मोबदल्यात वजन वाढते आणि सावकाश वेगात ती जड वाटते. उदाहरणार्थ, नॉर्डिकाच्या जुन्या एनफोर्सर १०० मध्ये पूर्ण लांबीचे दोन पत्रे आहेत, फोल्कलच्या मँट्रा एम ६ मध्ये धातू कडेने चौकटीसारखा बसवला आहे, तर सॅलोमनच्या क्यूएसटी ९८ मध्ये पूर्ण लांबीचा पत्राच नाही. या तिन्हींची कंबर ९६ ते १०० मिलिमीटरमध्ये आहे. एका दिवसात एकाच उतारावर तिन्ही चालवल्या तर धातूने काय बदलते ते पायालाच कळेल. माझा कौल ८८ ते ९० कंबरेच्या, धातू असलेल्या स्कीकडे आहे. बुटाचा तळ पुढे सुमारे ६९ मिलिमीटर रुंद असतो. कंबर त्याहून जितकी जास्त, तितकी कड पायाच्या बाहेर जाते आणि घट्ट बर्फावर गुडघ्यावर तितकाच पीळ येतो.

उजळाईवाडी

शिरोलीकर साहेबांचे धारेबद्दलचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे, पण रुंदीचा कौल मान्य नाही, आणि मतभेद नेमका कुठे आहे ते सांगतो. ताई स्की पारखणार ऑस्ट्रियात आणि चालवणार गुलमर्गमध्ये. इन्सब्रुकच्या आसपास यंत्राने दाबून सपाट केलेल्या कडक उतारांवर तीन दिवस घालवले, तर ८८ कंबरेची स्की जिंकणारच, कारण तो आखाडा तिचाच आहे. गुलमर्गमध्ये तसे दाबलेले उतार कोंगदोरीच्या, म्हणजे गोंडोल्याच्या पहिल्या टप्प्याच्या, खाली थोडेसेच आहेत. बाकी अफरवटवर वाट्याला येतो तो ताजा भुसभुशीत बर्फ, एक-दोन दिवसांनी इतरांच्या स्कीने उधळलेले ढीग, आणि वाऱ्याने वर पापुद्रा धरलेला बर्फ. तिथे ८८ वर जगता येते, मी तीन हंगाम जगलोच. पण पापुद्र्याखाली टोक शिरले की उताराच्या मध्यावर आपण तोंडघशी.

म्हणून आधी मागच्या दोन वर्षांतले दिवस आठवून मोजा: दहापैकी किती दिवस दाबलेल्या उतारावर गेले? पाचांहून जास्त असतील तर साहेबांचे ऐका; चारांहून कमी असतील तर ९५ ते १०० मध्येच पाहा. आणि चाचणीतला निदान एक दिवस मुद्दाम वाईट बर्फासाठी राखून ठेवा. दुपारी दोननंतर जेव्हा उताराच्या कडेला उधळलेल्या बर्फाचे ढिगारे साचतात, तेव्हा लोक कॉफी प्यायला जातात. ताई, तेव्हाच तुम्ही उतरा. सकाळच्या कोवळ्या उन्हात प्रत्येक स्की गोड लागते. ढिगाऱ्यांतून सरळ जाताना हलकी स्की टोकाने टकटक करत बाजूला फेकली जाते आणि जड स्की ढीग कापत जाते, हा फरक तुम्हाला पहिल्या दोनशे मीटरांत कळेल. त्यानंतर त्याच स्कीवर थकलेल्या पायांनी छोटी छोटी वळणेही घेऊन पाहा, कारण गुलमर्गच्या झाडीत वेग नव्हे, वळणच कामाला येते.

लांबीबद्दल: दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरा आणि मध्यभागी हाताने दाबा. मधली फट मिटली की टोकाकडून किती अंतरावर दोन्ही तळ एकमेकांना भिडतात ते पाहा. वर वळलेल्या टोकामुळे हा स्पर्श बराच आत सुरू होत असेल, तर कडक बर्फावर ती स्की छापील लांबीपेक्षा आखूड चालते. तेव्हा टोक-शेपूट दोन्ही वळलेल्या स्कीत १७२ घ्यायला बिचकू नका. सरळ शेपटीच्या, दोन पत्र्यांच्या स्कीत मात्र ६३ किलोंना १६५ पुरे. एकाच मॉडेलच्या दोन्ही लांब्या लागोपाठ, त्याच उतारावर चालवा. एका वेळी एकच गोष्ट बदलली नाही तर रात्री वहीत लिहायला काही उरत नाही.

‘लेडीज मॉडेल’ या शब्दाने चिडू नका आणि भुलूही नका. काही कंपन्यांत साचा तोच असतो, फक्त धातू कमी केलेला असतो. नॉर्डिकाचीच सांता आना ही मालिका एनफोर्सरपेक्षा मऊ आहे. तुमच्या वजनाला ती कदाचित बरोबर बसेल, पण कारण वजन आणि वेग हे असावे, बाईपण नव्हे.

रंकाळाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. दिवस मोजले: मागच्या दोन हंगामांतल्या बावीस दिवसांपैकी सात दिवसच दाबलेल्या उतारावर गेले, त्यामुळे ९५ ते १०० हे उत्तर माझे मलाच मिळाले. बूट माझे स्वतःचे आहेत, तळ ग्रिपवॉकचा, म्हणजे चालायला सोपा. त्यामुळे स्की निवडताना काही फरक पडतो का?

मंगळवार पेठ

स्की निवडण्यात नाही, पण बाइंडिंग निवडण्यात पडतो. ग्रिपवॉकचा तळ किंचित वक्र असतो. बाइंडिंगवर ग्रिपवॉक चालत असल्याची स्पष्ट खूण असेल तरच घ्या, नाहीतर पडल्यावर बूट सुटण्याचा हिशेब चुकतो. ब्रेकची (सुटलेली स्की थांबवणाऱ्या काट्यांची) रुंदी कंबरेइतकी किंवा त्याहून जेमतेम दहा-पंधरा मिलिमीटर जास्त असावी. डीआयएन आकडा (बाइंडिंग किती जोरावर सुटावे ते ठरवणारा) वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची चालवण्याची पद्धत यांवरून तंत्रज्ञाला लावू द्या, आणि त्याला वजन खरे सांगा. इथे येऊन स्वतः स्क्रू पिळायचा मोह टाळा.

आणि कुणीच न सांगितलेली गोष्ट म्हणजे आपला पाऊस. माझ्या पहिल्या जोडीच्या स्की जूनमध्ये पिशवीत गुंडाळून ठेवल्या होत्या. गणपतीच्या सुमारास उघडल्या तेव्हा तळाच्या पांढऱ्या प्लास्टिकवर तांबडे ओघळ उतरले होते. परत आल्यावर स्की कोरड्या पुसा, जाड वॅक्स कडांवरूनही ओघळेल इतके गरम करून लावा आणि ते न खरवडता तसेच राहू द्या. पट्ट्यांनी घट्ट आवळू नका, पिशवी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. डिसेंबरमध्ये वॅक्स खरवडले की खालची कड जशी ठेवली होती तशी चकचकीत निघते.