प्रतिसाद: समालोचकाने किती बोलावं?

'चित्र समोर दिसतंय, तरी समालोचक इतके का बोलतात' हा प्रश्न रास्त आहे. मला अमेरिकेतले बेसबॉलचे समालोचक विन स्कली आठवले. १९५० ते २०१६, तब्बल ६७ हंगाम एकाच डॉजर्स संघाचं समालोचन. हा संघ आधी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, १९५८पासून लॉस एंजेलिसमध्ये. तिथल्या अवाढव्य कोलिझियम स्टेडियममध्ये लोक ट्रान्झिस्टर घेऊन यायचे आणि डोळ्यांदेखत चाललेला सामना स्कलींकडून ऐकायचे! आणि १९७४मध्ये हँक आरनने कारकिर्दीतला ७१५वा होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) मारून बेब रूथचा सर्वाधिक होमरनचा विक्रम मोडला, तेव्हा हेच गृहस्थ चक्क गप्प बसले; गर्दीचा जल्लोष तेवढा ऐकू दिला. डॉजर्सच्या सामन्यांना शेजारी माजी खेळाडूही नसायचा, एकटेच बोलायचे. आपल्याकडे तिघे-तिघे एकमेकांवर कुरघोडी करतात, त्यापेक्षा हे कधीही बरं.